राखलं ते गावठी

कोलशेतमध्ये भातशेती संपली आणि भाजी लावणारे वाढले. ऐकायला उलटं वाटेल, पण तसंच झालंय. माझ्या लहानपणी गावाचा नेम ठरलेला होता. पावसाळ्यात भात, भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल, आणि घरामागे मांडवावर शिराळी, दुधी, काकडी, पडवळ. मग कोलशेत रोडला कारखाने आले. १९८२ साली ठाण्याची महानगरपालिका झाली. भाऊबंदांत वाटण्या झाल्या, जमिनी गेल्या, आणि आता खाडीकडे तोंड करून उभं राहिलं की पलीकडचं काल्हेर-कशेळी दिसायच्या आधी मनोरेच दिसतात. त्या मनोऱ्यांत राहायला आलेली माणसं कुठून कुठून आलेली. कुणी साताऱ्याचं, कुणी जळगावचं, कुणी पार उत्तरेकडचं. पण मातीची ओढ सगळ्यांना सारखी. गॅलरीत कुंड्या, गच्चीवर वाफे, सोसायटीच्या कोपऱ्यात दोन मिरच्या. संध्याकाळी फिरायला निघाले की माझ्या चार गुंठ्यांच्या कुंपणाशी थांबतात आणि विचारतात, "काका, बियाणं कुठल्या कंपनीचं घ्यावं?"

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. कंपनीचं नाव सांगायला मला काही लागत नाही. पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. बरेच जण पुढे म्हणतात, "परदेशी कंपनीचं नको. आपल्या भागातली सांगा. आपल्या माणसाला पैसा गेला पाहिजे आणि बी पण आपल्या हवेतलं पाहिजे." म्हणजे त्यांना नुसती चांगली भेंडी नको असते, चांगलं वागायचंही असतं. तीस-चाळीस रुपयांचं पाकीट घेताना माणूस नीती-अनीतीचा विचार करतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. म्हणूनच तो विचार सुपात घेऊन जरा पाखडायला हवा. 'आपल्या भागातलं' म्हणजे नेमकं काय?

आधी पाकिटावरच्या पत्त्याचं बघू. पत्ता कंपनीचा असतो. बी ज्या शेतात पिकलं त्या शेताचा नसतो. जालना जिल्हा आणि त्याला लागून असलेला बुलढाण्याचा देऊळगाव राजा, सिंदखेड राजाचा पट्टा हे भाजीच्या बियाण्याचं मोठं आगर आहे. तिथले शेतकरी जाळीच्या शेडमध्ये मिरची, टोमॅटो, काकडी असलं बियाणं कंपन्यांसाठी पिकवून देतात. संकरित बी आपोआप होत नाही. टोमॅटोचं घ्या. मादी झाडावरच्या उमलायला आलेल्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या दिवशी नर झाडाच्या फुलातला पराग त्या फुलाला लावायचा, आणि खूण करून ठेवायची. एकेका फुलाला हात लागतो, आणि तो हात बहुतेक वेळा बाईचा असतो. पाकिटावर नाव परक्या देशाचं असलं तरी आतलं बी आपल्याच एखाद्या ताईच्या बोटांतून आलेलं असू शकतं. आणि पाकिटावर नाव आपल्या जिल्ह्याचं असलं तरी त्यातली जात भलत्याच मुलखासाठी निवडलेली असू शकते.

हा धंदा तिकडेच का वाढला, त्यालाही कारण आहे. बी भरताना आणि सुकताना हवा कोरडी लागते. आमच्याकडे चार महिने भिंतींना ओल. फळात बी पिकायच्या आत फळ सडतं, सडलं नाही तर बुरशी धरतं. त्यामुळे बी पिकवायला कोरडा मुलूख बरा. पण ते बी लावायचं आमच्या दमट हवेत, खाडीच्या वाऱ्यात. म्हणजे जात कुठं निवडली, बी कुठं पिकवलं आणि पाकीट कुठं भरलं, हे तीन वेगळे गाव असतात. 'आपल्या भागातली कंपनी' म्हणताना आपण बहुतेक तिसऱ्याच गावाबद्दल बोलत असतो, आणि झाडाला त्या गावाशी काही देणंघेणं नसतं.

झाडाच्या हिशेबाने बघायचं तर आमचा भाग म्हणजे कोकण. १९७२ साली दापोलीला कृषी विद्यापीठ झालं. त्याच्या जाती या पावसाला आणि या दमटपणाला समोर ठेवून निवडलेल्या असतात. वालाची कोकण भूषण, कारल्याची कोकण तारा, शिराळ्याची कोकण हरिता ही नावं त्यातलीच. कोलशेतहून दापोली काही हाकेवर नाही, पण माझ्या मांडवाला ती नाशिकपेक्षा जवळची. शेजारी कोण हे घराच्या अंतरावर नाही, सुखदुःख सारखं आहे का यावर ठरतं. बियाण्याचंही तसंच.

आता कुणी म्हणेल, कंपनी तरी मुळातली आपली आहे ना, तेवढं बघू. तेही बघून झालं. बद्रीनारायण बारवाले हे जालन्याचे. त्यांनी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची पुसा सावनी भेंडी आपल्या शेतात लावून तिचं बी वाढवलं. त्यातूनच पुढे १९६४ साली महिको कंपनी उभी राहिली. १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मराठवाड्यातल्या कोरड्या गावातून निघालेली ही कंपनी. त्याच कंपनीच्या आणि अमेरिकेतल्या मोन्सॅन्टोच्या भागीदारीतून २००२ साली बीटी कापूस आपल्या देशात आला. मग ही कंपनी आपली म्हणायची की परकी? अकोल्याचं महाबीज १९७६ सालचं. त्यात सरकारचा पैसा आहे तसा शेतकऱ्यांचाही भाग आहे. त्याला कंपनी म्हणायचं की आपलंच कोठार? सरळ रेघ मारून इकडे आपले, तिकडे परके असं करता येत नाही.

भेंडीचंच पुढचं ऐका. पुसा सावनी आली तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतली, कारण तिच्यावर हळद्या येत नव्हता. हळद्या म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळं पान पिवळं, मग भेंडीही पिवळी आणि राठ. पांढरी माशी तो रोग पसरवते. काही वर्षांत त्या भेंडीचीही ताकद सरली आणि तिच्यावरही हळद्या आला. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुसा सावनीचा एका रानटी जातीशी संकर केला आणि त्यातून निवडत निवडत परभणी क्रांती काढली. आता या भेंडीचं गाव कोणतं? मूळ जात दिल्लीची. त्या दिल्लीच्या संस्थेचं 'पुसा' हे नाव बिहारमधल्या गावाचं, कारण संस्था १९०५ साली तिथं सुरू झाली आणि १९३४ च्या भूकंपानंतर दिल्लीला गेली. रक्त रानटी झाडाचं. नाव परभणीचं. आणि वाढली माझ्या आईच्या परसात, खाडीकाठी.

माझी आय कधी शाळेत गेली नाही. तिच्या तोंडी दोनच जाती होत्या, 'गावठी' आणि 'बाजारची'. तिची मिरची गावठी, तिचा वाल गावठी, तिची वांगी गावठी. मी मोठा झालो, वाचायला लागलो, तेव्हा कळलं की मिरची ही पोर्तुगिजांच्या गलबतातून अमेरिकेहून आलेली. इथून घोडबंदरचा किल्ला फार लांब नाही, वसईही नाही. म्हणजे ज्यांच्याशी आपल्या लोकांनी लढाया केल्या त्यांच्याच हातून मिरची आली, आणि आज आगरी माणसाच्या कालवणातून ती काढली तर कालवण उरणार नाही. टोमॅटोही तिकडचाच. मग आय चुकीचं बोलत होती का?

मला वाटतं, तिचंच खरं होतं. तिच्या 'गावठी'चा अर्थ जन्माशी नव्हताच. तिच्या आधीच्या बायकांनी ते बी वर्षानुवर्षं राखलं होतं, एवढाच तिचा दाखला. दरसाल शेतातल्या शंभर झाडांतून पाच बरी झाडं बघायची. त्यांना फडक्याची चिंधी बांधायची म्हणजे कुणी तोडू नये. पहिली फळं खायची, मधली बियाण्याला सोडायची. दुधी वेलीवरच वाळवायचा, आतलं बी खुळखुळायला लागलं की उतरवायचा. काकडीचं बी राखेत कालवून भिंतीला थापायचं. वाल राख लावून मडक्यात भरायचे. हे करताना दर वर्षी नकळत निवड होत जाते. पाऊस ज्यांना सोसला ती झाडं राहतात, नाही सोसला ती जातात. पन्नास पावसाळे असं झालं की आलेली जात कुठलीही असो, ती इथली होते. एखाद्या घरात सून परक्या गावाहून येते. चाळीस वर्षांनी तिलाच विचारतात, या घराची रीत काय? तसंच ते.

आय म्हणायची, "दानं खाल्लं त पोट भरतं. बी खाल्लं त वरीस खाल्लं." घरात भाजी नसली तरी बियाण्याच्या मडक्याला ती हात लावू द्यायची नाही.

तर 'आपल्या भागातलं बी' विकत मिळत नाही, ते करावं लागतं, असं माझं म्हणणं. कंपनीची निवड ही त्या कामातली पहिली पायरी. ती बिनमहत्त्वाची नाही, पण तिथंच थांबून 'मी आपल्या माणसाचं घेतलं' असं समाधान मानलं तर ते थोडं स्वस्तातलं समाधान होतं.

मग पहिली पायरी कशी चढायची? कंपनी लहान की मोठी, इथली की तिथली, याआधी मी दोन गोष्टी बघतो. ती खरं बोलते का, आणि चुकलं तर समोर उभी राहते का.

खरं बोलण्यासाठी कायदा आहे. १९६६ च्या बियाणे कायद्याप्रमाणे अशा बियाण्याच्या पाकिटावर उगवण किती टक्के, शुद्धता किती, तपासणी कधी झाली, मुदत कधी संपते हे लिहावं लागतं. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो. सत्यप्रत बियाण्याला हिरवट. प्रमाणित म्हणजे सरकारी यंत्रणेने शेतात जाऊन बघितलेलं. सत्यप्रत म्हणजे कंपनी आपल्या शब्दावर सांगते ते. भाजीचं बरंचसं बियाणं सत्यप्रत असतं, म्हणजे सगळा व्यवहार शब्दावर चालतो. तो शब्द पारखायचं यंत्र प्रत्येक घरात आहे. ओल्या गोणपाटाच्या किंवा सुती फडक्याच्या घडीत वीस बिया ठेवा. फडकं ओलं राहू द्या. आठवड्याने मोजा. भेंडीला किमान ६५ टक्के उगवण लागते, म्हणजे विसातल्या तेरा तरी उगवल्या पाहिजेत. बी गुलाबी-निळं रंगवलेलं असेल तर त्याला औषध लावलंय असं समजा, हात धुवा आणि लहान पोरांच्या हाती देऊ नका.

समोर उभं राहायचं मात्र कायद्याने पुरतं होत नाही. एका वर्षी मी दुकानातून दुधीचं पाकीट आणलं. बावीस बिया टाकल्या, तीन वेल आले, आणि त्यांना लागलं ते दुधी नव्हतं, कडू काहीतरी होतं. दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, कंपनीचा माणूस येईल तेव्हा सांगतो. तो माणूस काही आला नाही. मी पण भांडलो नाही, कारण पाकीट किती रुपयांचं? पस्तीस. पण पस्तीस रुपयांचा तो हिशेब खोटा असतो. मांडव घातला, शेणखत टाकलं, पाणी शिंपलं, जून-जुलै दोन महिने गेले. पावसाळा वर्षातून एकदाच येतो. तो दुकानात परत मिळत नाही. मोठा शेतकरी निदान तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करतो, पंचनामा मागतो. त्यासाठी बिल, रिकामं पाकीट आणि लॉट नंबर जपून ठेवावा लागतो. परसातला माणूस पाकीट फाडतो आणि कचऱ्यात टाकतो. आपणच प्रश्न विचारत नाही, मग उत्तर कोण देणार?

जवळच्या कंपनीचा खरा फायदा मला इथं दिसतो. तिचा माणूस, तिचा विक्रेता याच बाजारात पुढच्या वर्षीही येणार असतो. लाज ही अंतराने कमी होते. ज्याला पुन्हा तोंड दाखवायचं असतं तो जरा जपून वागतो. पण हा फायदा आपण तोंड उघडलं तरच.

तिसरी गोष्ट परसबागेपुरती आहे, आणि मला तीच सगळ्यांत मोठी वाटते. जात कुणासाठी निवडली आहे? बाजारासाठी शेती करणाऱ्याला सगळी फळं एकदम हवीत, एका मापाची हवीत, साल जाड हवी म्हणजे वाशीच्या बाजारापर्यंत टेम्पोत टिकतील. घराला याच्या उलट हवं. रोज चार भेंड्या, आठवड्याला एक दुधी, आणि वेल चार महिने चालू राहावा. साल पातळ असली तर बरंच, शिजायला लागतंय किती. शिवाय संकरित बियाण्याची गोष्ट अशी की त्याचं झाड जोरदार येतं, पण त्याचंच बी राखून पुढच्या वर्षी लावलं तर पोरं आईबापांपैकी कुणावरही जातात, कुठलंच धड नाही. सुधारित वाणाचं तसं नाही. तो राखता येतो. पाकिटावर संकरित आहे की सुधारित हे लिहिलेलं असतं. दुकानदाराला विचारलं तर तोही सांगतो. सुधारित वाण विकणारी कंपनी आपल्याला एक दार उघडं ठेवून देते. त्या दारातून जायचं की नाही हे आपल्यावर.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, हा म्हातारा संकरिताच्या विरोधात आहे. मी आहे असं मलाही वाटायचं. माझा भाचा मुरबाडकडे भेंडी करतो. दोन एकर, त्यातली निम्मी दुसऱ्याची जमीन, खंडाने घेतलेली. तो महागातलं संकरित बी आणतो. एकदा जेवताना मी त्याला म्हटलं, निदान एक ओळ जुन्या भेंडीची लाव. तो हात धुऊन आला आणि शांतपणे म्हणाला, "मामा, तुमची भेंडी हळद्याने गेली तर तुम्ही बाजारातून अर्धा किलो आणाल. माझी गेली तर मी सोसायटीचा हप्ता कुठून देऊ?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर शोधायची गरजही नव्हती. तो बरोबर बोलत होता. ज्याच्या पोटाला आणि कर्जाला पीक बांधलंय त्याला जुनं बी राखण्याचा उपदेश करणं हे मला आता अन्यायाचं वाटतं. त्याने जे पिकेल ते घ्यावं, कुणाचंही घ्यावं. परदेशी असेल तरी घ्यावं. शहरातल्या माणसाने एसीत बसून त्याला 'देशी लावा' म्हणू नये.

पण त्याच्या बोलण्याला दुसरी बाजू आहे. त्याला नुकसान सोसत नाही म्हणून तो राखू शकत नाही. मग राखायचं कुणी? ज्याला सोसतं त्याने. माझं पीक गेलं तर मी खरंच अर्धा किलो आणीन. गॅलरीत चार कुंड्या लावणाऱ्या ताईंच्या मिरच्या गेल्या तर त्या खालच्या दुकानातून आणतील. आमच्या जेवणाला धक्का नाही. जुन्या काळी राखण्याचं काम शेतकऱ्याच्या घरातली बाई करायची, कारण शेतीच तशी होती. आता शेतकऱ्याच्या गळ्याशी व्याज आलंय. तेव्हा हे काम, निदान काही काळ, परसबागवाल्याने अंगावर घ्यायला हवं. 'माझ्या चार कुंड्यांनी काय होणार' असं लोक म्हणतात. मला वाटतं, चार कुंड्या आहेत म्हणूनच होईल. चार एकर असते तर तुम्हाला परवडलं नसतं.

आणि राखणारा माणूस काही छोटं काम करत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांची जमीन थोडी, शिक्षण थोडं. १९८३ च्या सुमारास त्यांना भाताच्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षामागून वर्षं निवडल्या. त्यातून एचएमटी तांदूळ आला. नाव घड्याळाचं पडलं, भात देशभर गेला. पुढे तो कुणी कुणी विकला, त्यावर कुणी कुणी पैसे कमावले. दादाजी २०१८ साली गेले, तेव्हा हातात फारसं काही नव्हतं. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावोगावचं जुनं बियाणं गोळा करून राखलं, लोकांना वाटलं. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मला बरं वाटलं. निदान एकीचं तरी नाव पोचलं. पण बाकीच्यांची नावं कुठल्या पाकिटावर आहेत? कुठलंही पाकीट घ्या, त्यातल्या बियाण्यामागे असे हजार बिननावाचे हात असतात. किंमत फक्त शेवटच्या हाताला मिळते. आपण पस्तीस रुपये दिले म्हणजे फिटलं असं होत नाही. ते ऋण पैशाने फिटायचं नाही, राखूनच थोडंफार फिटेल.

कायदा यात आपल्या बाजूने आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याप्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, विकायचासुद्धा हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही. म्हणजे शेजारणीला मूठभर वाल देणं हा आपला हक्क दिल्लीच्या संसदेने लिहून ठेवलाय. आयला हे सांगितलं असतं तर ती हसली असती. वाल द्यायला कायदा कशाला?

तेव्हा कुंपणाशी कुणी विचारलं की मी आता असं सांगतो. संकरित भेंडी लावायची असेल तर खुशाल लावा, पण एक कुंडी राखायच्या बियाण्याची ठेवा. सुरुवात सोप्यापासून करा. वाल, चवळी, टोमॅटो यांच्यात दुसऱ्या जातीची भेसळ सहसा होत नाही, कारण त्यांचं फूल आपल्यातच फळतं. दुधी, काकडी, शिराळं यांच्यावर मधमाश्या घरोघर फिरतात. शेजारच्या गच्चीवर दुसरी जात असेल तर पुढच्या वर्षी काय निघेल सांगता येत नाही. ते नंतर बघू. विद्यापीठाचा किंवा इकडच्या कंपनीचा सुधारित वाण आणा, बिल ठेवा, वीस बिया फडक्यात घाला. बरी झाडं निवडा, चिंधी बांधा. पहिल्या वर्षी ते कंपनीचं बी. दहा वर्षं राखलं की तुमचं. आणि एकट्याने सगळं राखायचा हट्ट नको. एका इमारतीत चाळीस मजले आहेत. एका मजल्याने एक जात राखली तर चाळीस जातींचं कोठार होतं, तेही कुलूप न लावता.

वालाचं मात्र मी विकत आणू देत नाही. आमच्या गावचा वाल, बारीक दाण्याचा, बिरड्याला गोड, आता गावात मोजक्याच घरांत उरलाय. जिथं तो पिकायचा तिथं आता गाड्या उभ्या असतात. तो जगला तर असाच जगणार, कुणाच्या तरी गच्चीवर. मागेल त्याला मी वीस दाणे देतो आणि सांगतो, वर्षाने चाळीस परत आणून द्या. आतापर्यंत अकरा जणांना दिले. चौघांनी परत आणले. एक ताई तर साठ घेऊन आल्या, वर तक्रार, की शेंगा माकडांनी नेल्या नाहीतर शंभर झाले असते.

बाकीच्या सात जणांकडे मी मागत नाही. त्यांचे दाणे कदाचित बिरड्यात गेले असतील, कदाचित अजून डब्यात असतील. मार्गशीर्ष आला की मी मडक्यातली राख झाडून दाणे मोजतो आणि सात जणांचे वेगळे काढून ठेवतो. कुणी पुन्हा मागायला आलं तर हात रिकामा नको.